शेजारच्या कांजिण्या

...आणि वर ती काउंटरवरची बाई मलाच विचारते हो, "तुम्ही पेशंटचे कोण?" कोण म्हणजे? आता काय सांगू मी कोण? माझं मलाच कळेना मी कोण! आत ती पोरगी कळा देतेय, बाहेर तिचा नवरा रस्त्यापलीकडे गुलाबी होऊन उभा आहे, आणि मधे मी, राजाराम परब, वय वर्षं अडुसष्ट, हातात बाळंतिणीची पिशवी, पायात दोन वेगळ्या चपला... कोण मी?

तुम्हाला सांगतो, मी उभ्या आयुष्यात लग्न केलं नाही. लोक म्हणायचे, राजाराम, पत्रिका जमत नाही का रे? पत्रिका जमत होत्या हो, मलाच जमत नव्हतं! कारण मला पक्कं ठाऊक होतं, बायको आली की बाळंतपण आलं, बाळंतपण आलं की दवाखाना आला, डिंकाचे लाडू आले, शेक-शेगडी आली, सासुरवाडी आली... नकोच ते! पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होतो मी. रस्त्यातलं झाकण उघडायचं, लांब चावी घालायची, व्हॉल्व फिरवायचा, अख्ख्या वस्तीला पाणी सोडायचं, आणि घरी येऊन स्वतःपुरता भात टाकायचा. झकास! रिटायर झालो, इथे दिंडोशीला म्हाडाच्या वन रूम किचनमध्ये पेपर वाचत शांत बसलो. म्हटलं, चला, चुकवलं सगळं. आणि ते सगळं माझ्या दाराशी चालत आलं. चालत कसलं, बोंबलत आलं! सांगा आता, माणसाने जायचं कुठे?

माझ्या शेजारी, एकाच भिंतीला, संघमित्रा, म्हणजे आमची मित्रा, आणि सम्यक. पोरं गुणी हां, त्यात वाद नाही. ती इथल्याच कोर्टात स्टेनो. जज्जसाहेब बोलतात आणि हिची बोटं पळतात. त्यामुळे काय झालंय, हिच्यापुढे तोंड उघडायची सोय नाही, गेल्या दिवाळीला तुम्ही काय बोललात ते ती शब्दाला शब्द तोंडावर मारते. आणि तो सम्यक, गोरेगावला स्टुडिओत, एका सिरीयलवर ड्रेसमन. आता त्या सिरीयलची गंमत ऐका. त्यातली नायिका गरोदर आहे. गेल्या गणपतीच्या आधीपासून गरोदर आहे! यंदाचे गणपती आले, बसले, बुडाले, बाई अजून नवव्यातच! का, तर टीआरपी! आणि तिच्या पोटाला उशी बांधायचं काम कुणाकडे? आमच्या सम्यककडे. दिवसभर खोटं पोट बांधायचं-सोडायचं आणि संध्याकाळी घरी येऊन खऱ्या पोटाला कान लावायचा. मित्रा त्याला म्हणायची, "तुझ्या त्या हिरॉइनला सांग, माझी आधी होणार, लाव पैज."

तर त्या सिरीयलमध्ये नणंदेची मुलगी म्हणून एक लहान पोर आहे. तिच्या अंगावर फोड आले. आता कोणीही शहाणा माणूस काय करेल? पोरीला घरी पाठवेल ना? यांनी मेकअप लावला! एपिसोड द्यायचाय ना उद्याचा! फोडांवर थापलं पांढरं-पिवळं काहीतरी, आणि सम्यकने तिला फ्रॉक घातला, मागची बटणं लावली, वर तिचे गालगुच्चे घेतले... घेतले ना गालगुच्चे? मग? पंधरवडा गेला न गेला, आणि एका रविवारी सकाळी मी पेपर वाचतोय, तर भिंतीपलीकडून मित्राचा आवाज. मी ऐकत नाही हां, ऐकू येतं. फरक आहे दोन्हीत!

"सम्यक, मानेवर काय आलंय रे तुझ्या?"

"घामोळं गं. ऑक्टोबर आहे."

"घामोळ्यात पाणी असतं? शर्ट काढ."

"अगं..."

"काढ म्हणते ना!"

मग धाडकन दरवाजा! नवव्या महिन्यातली बाई, जिला खुर्चीतून उठायला दोन माणसं लागतात, ती एका उडीत स्वयंपाकघरात गेली आणि आतून कडी! आतून ओरडते, "तिथंच थांब! पुढे येऊ नकोस!" तो म्हणतो, "मी कुठे येतोय, मी बाथरूमला चाललोय." ती म्हणते, "मग मी कुठे जाऊ? मला पण जायचंय!" आता आमचं घर तुम्हाला माहीत आहे. बाहेर एक खोली, आत स्वयंपाकघर, मधल्या बोळात संडास-बाथरूम. एक! आणि पोट इतकं खाली उतरलेलं, पोरीला दर घटकेला जायला लागायचं. तो बोळात आला की ही आत अडकली, ही बोळात आली की तो भिंतीला चिकटून, श्वास रोखून, डोळे मिटून उभा. डोळे कशाला मिटायचे? फोड काय डोळ्यांतून उडतात? पण घाबरला होता बिचारा. बाप होणार होता आणि आत्ताच त्याला वाटायला लागलं होतं की आपणच आपल्या पोराचं वाटोळं केलं.

लावला फोन तेजल मॅडमला. तेजल मॅडम म्हणजे तिची डॉक्टर. स्पीकरवर. मॅडमचा आवाज इतका गार, की मला भिंतीपलीकडे बरं वाटलं. "संघमित्रा, आधी बस. बसलीस? आता सांग, लहानपणी तुला कांजिण्या येऊन गेल्यात का?"

"माहीत नाही मॅडम."

"आईला विचार. येऊन गेल्या असतील तर घाबरायचं काहीच नाही. पण नसतील, आणि या दिवसांत तुला आल्या आणि त्यातच बाळ झालं, तर बाळाला फार जड जातं ते. रक्त तपासू, कळेल. तोवर त्याच्यापासून लांब राहा. आणि एक ऐक, रक्त द्यायला येशील तेव्हा वर येऊ नकोस. बाहेर सगळ्या पोटुश्या बसलेल्या असतात. खाली रिक्षातच बस, मी नर्सला पाठवते."

म्हणजे बघा हां तुम्ही! नवऱ्यापासून हिने लांब राहायचं, आणि हिच्यापासून जगाने लांब राहायचं! सांगा, त्या पोरीने जायचं कुठे?

माहेर तिचं वाशीमला. फोन लावला. आई म्हणाली, "हो वं, आली होती ना तुले! चांगली अंगभर आली होती. तिसरीत होती तू... का विकीले आली होती?" मित्रा म्हणते, "आई, नीट आठव गं!" "थांब, मी विकीलेच इचारतो." विकी म्हणजे हिचा भाऊ. तो म्हणतो, "मले आली होती. ताईले गोवर होता." मागून वडील ओरडले, "दोघायलेबी आली होती!" आई म्हणते, "तुम्ही गप बसा, तुम्ही तवा पुसदला होते!" आणि मग तिघंही आपापसांत असे जुंपले, की मित्राने फोन कानापासून लांब धरला आणि नुसती बघत बसली. अहो, एवढी माणसं, पोरीवर एवढा जीव, आणि तिच्या अंगावरचा एक फोड कुणाला आठवेना! आई म्हणाली, "मी येतो ना वं माय, काहून घाबरतं?" पण दिवाळी तोंडावर, गाडीला उभं राहायला जागा नाही, तिकीट मिळेल तेव्हा येणार.

सासर मानखुर्दला. तिथे मोठी जाऊ, प्रियंका. ती म्हणाली, "ये ना गं, तुझंच घर आहे..." आणि मग जरा थांबून, "पण आमची दोघं अजून पाळण्यात आहेत ना..." मित्राने स्वतःच सांगितलं, नको वहिनी, नाही येत. रोशनी म्हणून अंधेरीला मैत्रीण, तिला फोन केला तर ती रडायलाच लागली, "अगं मलाही तिसरा लागलाय, कुणाला सांगितलं नव्हतं!" बोंबला! लॉज? एवढं पोट घेऊन एकटी बाई रजिस्टरवर सही करायला उभी राहिली तर लॉजवाला खोली देईल की पोलीस बोलावेल?

आणि तेवढ्यात मला अवदसा आठवली. मी दार उघडलं. दूधवाल्याने पिशवी ठेवली होती ती घ्यायला, दुसरं काही नाही! तर कॉरिडॉरच्या त्या टोकाला, लिफ्टच्या पलीकडे, मित्रा. तोंडाला मास्क, कमरेला हात. तिथून ओरडली, "काकाऽऽ! तुम्हाला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का?"

आता मी साधा माणूस. विचारलं, सांगितलं. म्हटलं, "हो गं! कुडाळला, सहावीत. हे बघ, कपाळावर खड्डा आहे अजून."

संपलं! तुम्हाला सांगतो, माणसाने आयुष्यात कुठल्याही प्रश्नाला एकदम हो म्हणू नये. चहा घेणार का? विचार करून सांगतो. आज सोमवार ना? बघून सांगतो! मी हो म्हणालो, आणि ती तिथल्या तिथे भिंतीला टेकून रडायला लागली. म्हणाली, "काका, मग सम्यकला ठेवाल का? मला दुसरं कोणीच नाही हो." आता ती तशी रडताना नाही कोण म्हणेल? तुम्ही म्हणाल? मग?

दुपारपर्यंत सम्यक माझ्या घरात! काखेत उशी, खांद्यावर चादर, हातात चार्जर. अंगभर गुलाबी लोशन. असा दिसत होता, जशी दिवाळीला अर्धी रंगवून सोडलेली भिंत. "काका, सॉरी हां." सॉरी कसलं, जा, बस तिकडे, खाजवू नको! आणि तेच तर करायचा तो. खाजवायचा. दिवसभर खर्र खर्र, खर्र खर्र... मी इकडे पेपर वाचतोय आणि मला खाजवायला लागायचं! मला! ज्याला येऊन गेल्या त्याला! शेवटी त्याच्या दोन्ही हातांना माझे हिवाळ्यातले पायमोजे घातले आणि वर दोरी बांधली. बसला आपला बाहुल्यासारखा. फोन वाजला की नाकाने उचलायचा.

त्यात खालून आली सखुबाई. सखुबाई म्हणजे आमची मासळीवाली, इतकी वर्षं माझं पोट तिच्यावर. हातात कडुलिंबाचा पाला. म्हणाली, "राजाराम, देवी आलीय घरात. तळण नको, फोडणी नको. ओटी भर."

सम्यक मोज्यांतले हात जोडून म्हणाला, "मावशी, आमच्यात देवी येत नाही. व्हायरस येतो."

सखुबाई म्हणते कशी, "येऊ दे कायपण! पाला तर अंथर बाबा. खाजेला काय कळतंय, देवी की व्हायरस!" अंथरला. आणि जाता जाता मला, "तो बरा होईस्तोवर तुला मासळी नाही." अगो बाये, देवी त्याच्या अंगात, माझ्या बांगड्यांनी काय केलंन? ऐकते कोण! आयुष्यात पहिल्यांदा मी इतके दिवस दुधी खाल्ला. म्हटलं, उठावं आणि गावाला निघून जावं. पण दोघांचे डबे मी करतोय, तिची औषधं मी आणतोय, सांगा, जायचं कुठे?

आणि ती! एकाच भिंतीपलीकडे, स्वतःच्याच घरात एकटी. गेले आठ-नऊ महिने त्या घरात रोज कुणीतरी यायचं-जायचं, कोर्टातल्या बायका काय, डोहाळ्यांच्या चिंचा काय... आता एक माणूस फिरकेना. मी डबा घेऊन गेलो की आधी दाराच्या फटीतून उलटतपासणी. "हात धुतले? शर्ट बदलला? अंघोळ केली?" अगं सकाळी केलीय! "सकाळची नाही, त्याच्याजवळून आल्यावरची." परत घरी, परत अंघोळ. दुपारचा डबा, परत अंघोळ. चहाची साखर संपली म्हणून एक वाटी द्यायला गेलो, परत अंघोळ! ज्या माणसाने जन्मभर लोकांना पाणी जपून वापरा सांगितलं, तो दिवसाला चारदा न्हातोय! माझी बोटं सुरकुतली हो, आंबोशीसारखी!

दोघं बोलायची फोनवर. आता भिंत ही एवढी, तर मला सगळं दोनदा ऐकू यायचं, एकदा फोनातून, एकदा भिंतीतून.

"तू खाजवतोयस. मला ऐकू येतंय."

"नाही गं, मोजे घासले."

"डाग राहिले तर बाळ घाबरेल तुला."

"तू घाबरतेस का?"

"मी बघितलंच कुठाय तुला..."

मग नुसता फोन चालू. मी आपला भाजी चिरतोय, आणि कांदा नसतानाही डोळ्यांना काय व्हायचं कुणास ठाऊक. दुधी होता हो!

एकदा दुपारी मी डबा ठेवला, मागे सरलो, आणि तिने दार लावलंच नाही. उंबऱ्याच्या आत स्टूल टाकून बसली. चेहरा इतकासा झाला होता. म्हणाली, "काका, रोज सकाळी उठले की मी आधी पोट बघते. आरशात. नुसतं पुरळ दिसलं तरी... काल एक लाल ठिपका होता. मी दिवसभर त्याच्याकडे बघत बसले. डास होता, डास चावला होता." मी म्हटलं, असू दे, डास तर डास. ती म्हणाली, "आत बाळ हललं की आधी मला बरं वाटायचं. आता वाटतं, खाजवत तर नसेल?"

मला काय कळतं त्यातलं? मी आपला म्हटलं, "हे बघ पोरी, पाणीखात्यात आम्हाला शिकवलेलं, पाइपाचा आवाज बदलला तरच घाबरायचं. आवाज येतोय म्हणजे पाणी चालू आहे. ते हलतंय ना? मग चालू आहे." हे काय बोलणं झालं? पण ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. आणि लगेच म्हणाली, "काका, पुढे आलात तुम्ही. मागे व्हा." झालो मागे!

रक्त देऊन झालं होतं. रिक्षात बसल्या बसल्या दिलं. रिपोर्टला वेळ लागणार म्हणाले, सुट्या मधे आल्यात. आणि तारखेला अजून अवकाश होता, सगळे म्हणत होते, आधी रिपोर्ट येईल, मग आई येईल, मग बाळ. असं ठरलेलं. पण पोटातल्याला कोणी विचारलं होतं?

त्या दिवशी भर दुपारी मी जेवून जरा लवंडलो होतो. भिंतीवर धपाधप. "काका! काकाऽऽ! पाणी गेलं!"

मी डोळे न उघडता म्हटलं, "असू दे गं, चारला येईल."

"काका, पाणी गेलं हो!"

"अगं दुरुस्ती असेल कुठेतरी! बादलीत आहे ना भरलेलं?"

तर हा सम्यक उठून उभा, मोज्यांतले हात हवेत, ओरडतो, "काका, ते पाणी नाही! बाळाचं पाणी गेलंय!"

अरे देवा! तुम्हाला सांगतो, जन्मभर पाण्यात काम केलं पण असलं पाणी कधी माझ्या हद्दीत आलं नव्हतं! व्हॉल्व नाही, चावी नाही... मी उठलो, एका पायात माझी चप्पल, एका पायात सम्यकची, धावलो. ती दारातच उभी, चौकट धरून. पिशवी भरून तयार. आणि त्या कळेतसुद्धा, त्या कळेतसुद्धा हो, मला विचारते, "अंघोळ केलीत?" मी म्हटलं, "आता तू गप!" पहिल्यांदा आवाज चढवला मी. तिने माझा दंड धरला, आणि असा आवळला, की निळी बोटं उमटली होती नंतर.

रिक्षा थांबवली. रिक्षावाला आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "देख क्या रहा है, चल ना बाबा!" मागून सम्यक जिने उतरून आला, गुलाबी, लुंगीवर, "मी पण येतो, मी पण येतो!" ती आतून ओरडली, "सम्यक, तू लांब!" तो थबकला. तसाच. एक पाय पुढे, एक मागे. मग ती हळू म्हणाली, "माझ्यामागून ये. दुसऱ्या रिक्षेने. पण लांब." आणि आमची रिक्षा निघाली. मी मागच्या काचेतून बघतोय, तो रस्त्यात हात करतोय आणि एक रिक्षा थांबेना. थांबेल कशी? अंगावर पांघरूण म्हणून माझी फुलाफुलांची चादर गुंडाळलेली!

तर असा मी त्या काउंटरवर. "तुम्ही पेशंटचे कोण?"

"शेजारी."

"वडील ना?"

"शेजारी हो."

"सासरे?"

"बाई, एका भिंतीचा शेजारी."

"नवरा कुठे आहे?"

मी खिडकीतून दाखवला. रस्त्यापलीकडे, उसाच्या रसाच्या गाडीमागे, पळतच आला होता बहुतेक. "तो. गुलाबी." त्या बाईने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि लिहायचं थांबली. आता तिलाही कळेना आणि मलाही सांगता येईना. आतून तेजल मॅडम आल्या म्हणून वाचलो. त्यांनी मित्राला आधीच मागच्या दाराने, शेवटच्या वेगळ्या खोलीत नेलं होतं. रिपोर्ट नव्हता ना आलेला. मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही इथे बसा." आजोबा! लग्नाआधीच!

बसलो. जायचं कुठे? आतून पोरीचा आवाज यायचा. मी जन्मात असला आवाज ऐकला नव्हता. मुद्दाम ऐकला नव्हता, त्याच्यासाठी तर सगळं चुकवलं होतं! आणि दर मिनिटाला सम्यकचा फोन. "काका, काय झालं?" काही नाही. "काका, ती ओरडतेय का?" नाही रे, गप्पा मारतेय. "काका, रिपोर्ट?" नाही आला. "काका, तिला आल्या असल्या तर? माझ्यामुळे..." आणि फोनमध्येच रडायला लागला. रसवाल्याने त्याला एक ग्लास दिला वाटतं, मला मागून घुंगरू ऐकू येत होते. मी म्हटलं, "रड तू. पण खाजवू नकोस."

किती वेळ गेला ठाऊक नाही. आतला आवाज एकदम थांबला. थांबला हो! आणि मला पाणीखातं आठवलं, आवाज बदलला की घाबरायचं... मी उठून उभा राहिलो. कोणाला हाक मारावी तर नाव सुचेना. आणि मग... ट्यॅंऽऽ! असा चिरका, असा तापलेला आवाज, जसा पहाटे कोरड्या नळातून आधी हवा येते, मग फस्सकन पाणी... आलं! चालू झालं!

तेजल मॅडम बाहेर आल्या. "मुलगी. छान आहे. रडतेय जोरात. आणि रिपोर्ट आत्ताच फोनवर कळला. संघमित्राला लहानपणी येऊन गेल्यात. तिला काही होणार नव्हतं, आणि आईचं थोडं कवच बाळालाही मिळतं."

मी म्हटलं, "म्हणजे विकी खोटं बोलला!"

"कोण विकी?"

"ते जाऊ द्या. म्हणजे मॅडम, त्या दोघांचं लांब राहणं, माझा दुधी, माझ्या अंघोळी... सगळं उगाच?"

मॅडम म्हणाल्या, "उगाच कसं आजोबा? माहीत कुठे होतं?"

खरं आहे. माहीत कुठे होतं? पण सम्यकला काही वर येऊ देईनात. दवाखाना नुकत्या जन्मलेल्या पोरांनी भरलेला, आणि याचे फोड अजून ओले. मग नर्सने ते गाठोडं आणून माझ्या हातात दिलं. माझ्या! मी म्हटलं, अहो मला येत नाही धरायला! ती म्हणाली, कुणालाच येत नसतं. घेतलं. खिडकीशी गेलो. खाली रस्त्यापलीकडे तो उभा, चादर गुंडाळून, मान वर करून. मी जरासं उचललं. त्याने बघितलं, मोज्यांतले दोन्ही हात वर केले, आणि असा रडला, असा रडला, की गालांवरून गुलाबी ओघळ. येणारे-जाणारे लांबून चालायला लागले. आतून मित्रा म्हणते, "काका, कसा दिसतोय?" मी म्हटलं, "बाप दिसतोय."

झालं. पुढे त्याच्या खपल्या पडल्या, मॅडमनी सांगितलं आता जा घरी, तो घरी गेला. वाशीमहून आई आली, डिंक-मेथीचे डबे घेऊन. मित्रा बाळ घेऊन आली. सखुबाईने दारात बांगडे आणून ठेवले. मी दार लावलं, कडी घातली, बांगड्यांना मीठ-हळद लावली, पेपर उघडला. म्हटलं, सुटलो!

आणि भिंतीपलीकडून आवाज. "आऽऽक्छी!"

मी पेपर खाली ठेवला. परत. "आऽऽक्छी!" आणि मग मित्राचा आवाज, तो कोर्टातला: "आई! तुला सर्दी झालीय?" आई म्हणते, "नाही वं, गाडीत वारा लागला..." पुढचं मला ऐकायचंच नव्हतं. मी कानात बोटं घातली. पण दाराला काय त्याचं? बेल वाजली. उघडलं. तर मित्रा. काखेत बाळ, खांद्यावर दुपटी, मागे सम्यक पाळणा घेऊन. यावेळी विचारलंसुद्धा नाही हो! "काका, सरका जरा," आणि सरळ आत. माझी खाट तिने घेतली, पाळणा माझ्या पंख्याखाली, बांगडे बाहेर, कारण म्हणे वास. मी स्वयंपाकघरात चटईवर. आणि ही चिमुरडी बया दुसऱ्या कोणाकडे झोपत नाही. आई घेते, रडते. बाप घेतो, रडते. माझ्या खांद्यावर टाकली की गप. म्हणून ही अशी, शाल पांघरून, खाली तुमच्यात घेऊन आलोय.

दिसली ना? या, बघा, या... हळू, आत्ताच डोळा लागलाय. बघा कशी मूठ आवळलीय... अहो, थांबा! तुम्ही, तुम्ही हो, चष्मेवाले! मघापासून खाकरताय ते काय? घसा धरलाय? मग तिथंच थांबा! एक पाऊल पुढे नाही! रागावू नका हो, हे मी नाही बोलत... वर बघा, वर. गॅलरीत. आई उभीय तिची. तुम्ही खोकलात, आणि अंघोळ मला आहे.